सर, कितीचं लावू?

जव्हारला पाऊस लागला की संध्याकाळी सहानंतर करण्यासारखं फार काही उरत नाही. नाशिकहून ये-जा करणारे नोकरदार तोरंगण घाटात धुकं दाटायच्या आत निघून जातात. इथे खोली घेऊन राहणारे आम्ही पाच-सहा जण उरतो. विजेचा नेम नाही, मोबाइलची रेंज आली तर आली. २०१९च्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकाने पुण्याहून पोकर शिकून आणला आणि तेव्हापासून आम्ही तो खेळतो. पैसे नाहीत, चिंचोके. जो पहिला बाद होईल त्याने भात लावायचा, दुसऱ्याने भांडी घासायची. कोणी दहा मिनिटांत बाद होऊन चुलीकडे जातो आणि बाकीच्यांना कुकरच्या शिट्ट्या ऐकत पैज लावायला लागते.

झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जच्या दुकानात काम करणारा एक मुलगा पुढच्या वर्षी आमच्यात येऊन बसायला लागला. गाव मोखाड्याकडचं, वय एकोणीस-वीस. हळदीच्या रात्री तीन पत्ती खेळून हात तयार झालेला. दोन आठवडे नुसता बघत होता, तिसऱ्या आठवड्यात त्याला पानं वाटली. पहिल्याच डावात चांगली पानं आली आणि त्याने मला हळूच विचारलं, "सर, कितीचं लावू?"

मी म्हणालो, "तिप्पट."

हा लेख त्या उत्तराच्या विरोधात आहे. म्हणजे माझ्याही विरोधात आहे. पण मी एकटाच दोषी नाही. छोट्या रकमेच्या पोकर स्पर्धा खेळणाऱ्या कोणालाही विचारा, तो तिप्पट म्हणेल, नाहीतर "मोठं लाव, म्हणजे पळतील" म्हणेल. पहिलं उत्तर पाठांतर आहे, दुसरं भीती आहे. दोन्हींत विचार नाही.

डाव कुठे सुरू होतो

ज्यांनी पोकर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्याची. मग मधोमध पाच पानं उघडतात, ती सगळ्यांची. सातांतून सर्वांत भारी पाच ज्याची, तो जिंकला. वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांना पानं बघण्याआधीच ठरावीक चिप्स टाकाव्या लागतात. एकाने छोटा ब्लाइंड, दुसऱ्याने त्याच्या दुप्पट मोठा ब्लाइंड. स्पर्धा पुढे सरकली की सगळ्यांनाच दर डावाला थोडं टाकावं लागतं, त्याला अँटे म्हणतात. तीन पत्तीतला बूट आठवा. स्पर्धेत ब्लाइंड आणि अँटे दर काही मिनिटांनी वाढत जातात, त्यामुळे नुसतं बसून राहिलात तरी तुमचे चिप्स झिजतात.

मधली पानं उघडण्यापूर्वी पैजेची पहिली फेरी होते. मोठ्या ब्लाइंडइतकं टाकून नुसतं आत येता येतं, पानं टाकून देता येतात किंवा रेज करता येतं, म्हणजे किंमत वाढवता येते. किती वाढवायची याला खाली मर्यादा आहे, वर नाही. किमान दुप्पट, आणि तिथून थेट सगळे चिप्स लावेपर्यंत कितीही.

तीन पत्ती खेळलेल्या माणसाला इथेच अडखळायला होतं. तीन पत्तीत चालीचा आकडा बराचसा नियमानेच ठरलेला असतो. पानं न बघता खेळणारा एक टाकतो, बघून खेळणाऱ्याला दोन टाकावे लागतात, वाढवलं तर त्याच पट्टीत. तिथे प्रश्न असतो तो राहायचं की पॅक व्हायचं. पोकरमध्ये तिसरा प्रश्न येतो, किती? मागे बसलेल्या प्रत्येकाला तुम्ही एक किंमत सांगत असता. एवढे दे, नाहीतर ऊठ. किंमत सांगायची सवय नसलेला माणूस मग दुसऱ्याने सांगितलेला आकडा उचलतो.

तिप्पट कुठून आली

तिप्पट ही अंधश्रद्धा नव्हे. एका काळी तिला आधार होता. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकन अकाउंटंटने ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून पोकरच्या जागतिक स्पर्धेत प्रवेश मिळवला आणि ८३९ खेळाडूंत पहिला येऊन २५ लाख डॉलर नेले. त्यानंतर जगभर पोकर शिकण्याची लाट आली. त्या लाटेत ज्यांनी शिकवलं, त्यांत १९९५ची जागतिक स्पर्धा जिंकलेल्या डॅन हॅरिंग्टनचं २००४ पासून निघालेलं पुस्तक बहुतेकांच्या हातात होतं. त्या पिढीत मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट-चौपट रेज हा शिरस्ता होता. चिप्स भरपूर, सुरुवातीला अँटे नाही, अशा टेबलावर तो चालूनही जाई. पुढच्या पाच-सात वर्षांत ऑनलाइन खेळणाऱ्यांनी हिशेब मांडले आणि स्पर्धांच्या मधल्या-शेवटच्या टप्प्यात आकडा दुपटी-अडीचपटीवर आला. जगाने तिप्पट सोडली. आपल्याकडे ती "बेसिक" म्हणून शिल्लक राहिली.

हिशेब अवघड नाही. नऊ जणांचं टेबल, ब्लाइंड १०० आणि २००, अँटे प्रत्येकी २५. कोणी काही करण्याआधीच मधे ५२५ चिप्स पडलेले आहेत. समजा सगळे पानं टाकत आले आणि तुम्ही शेवटच्या जागांपैकी एकीवर आहात. ५२५ उचलण्यासाठी तुम्ही दुप्पट, म्हणजे ४०० लावलेत, तर शंभरात ४३ वेळा सगळे उठले तरी तोटा नाही. अडीचपट, ५०० लावलेत, तर ४९ वेळा उठायला हवेत. तिपटीला, ६०० लावून, ५३ वेळा. चौपटीला ६० वेळा. बाकीच्या वेळी कोणी राहिलं, तरी तुमच्या पानांना जिंकायची संधी असतेच. ती इथे धरलेलीच नाही.

आता खरा सवाल हा, की ४०० ऐवजी ६०० लावल्याने जास्त लोक उठतात का? शंभरात दहा जास्त वेळा उठतात का? कसलेल्या खेळाडूंच्या टेबलावर यावर वाद घालता येईल. छोट्या स्पर्धेच्या टेबलावर नाही. तिथे पानं टाकायची ठरवून बसलेला दुपटीलाही टाकतो आणि "बघू तरी काय येतं" म्हणणारा चौपटीलाही बघतो. किमतीने त्याची मागणी हलत नाही. आमच्या खोलीतला एक भला माणूस एकाच रंगाची दोन पानं आली की कधीच उठत नाही. त्याला पाचशे सांगा, हजार सांगा, तो एक सुस्कारा सोडतो आणि टाकतो.

हे मान्य केलं की बाकीचं आपोआप येतं. माणसं उठावीत अशी इच्छा असेल, तर कमीत कमी किंमत सांगा, कारण उठणारे तेवढ्यालाच उठणार आहेत. माणसं राहावीत अशी इच्छा असेल, तर जास्तीत जास्त सांगा, कारण राहणारे तेवढे देऊनही राहणार आहेत. छोट्या स्पर्धांत बहुसंख्य लोक नेमकं याच्या उलट करतात. पळवायचं असतं तेव्हा चौपट लावून स्वतःचं नुकसान वाढवतात. हातात एक्क्यांची जोडी असते तेव्हा, कोणी पळू नये म्हणून, लाजत लाजत दुप्पट.

एक्के फुटतात

नाहीतर तिसरा प्रकार. एक्क्यांची जोडी आली की एकदम दहापट. कारण विचारा. "गेल्या वेळी चार जण आत आले आणि एक्के फुटले."

फुटतात, नाही म्हणत नाही. समोर कोणतीही दोन पानं घेतलेला एकच गडी असेल, तर एक्क्यांची जोडी शंभरात ८५ वेळा जिंकते. दोघे असतील तर ७३, तिघे असतील तर ६४, चौघे असतील तर ५६. चौघांपुढे जवळजवळ निम्म्या वेळा तुम्ही हरता आणि हरलेला डावच लक्षात राहतो. पण मिळकत मोजा. प्रत्येकाने ३०० टाकले आणि तिथेच पाचही पानं उघडली असं धरू. एकट्या गड्यापुढे मधे ६००, त्यातले सरासरी ५१० तुमचे, तुमचे ३०० वजा केले की २१० फायदा. चौघांपुढे मधे १५००, त्यातले सरासरी ८४०, वजा ३००, म्हणजे ५४० फायदा. जास्त वेळा हरून अडीचपट कमाई.

यात दोन गोष्टी सोडल्या आहेत, त्या सांगतो. पानं उघडल्यावर आणखी पैजा लागतात आणि चौघांच्या गर्दीत त्या नीट खेळणं कठीण असतं. शिवाय स्पर्धेत चिप्स दुप्पट झाले म्हणून बक्षिसाची आशा दुप्पट होत नाही, पण चिप्स संपले की स्पर्धा मात्र संपते. म्हणून चौघांना आमंत्रण द्या असं मी म्हणत नाही. एक-दोघे राहिलेले उत्तम. पण एक्के हातात घेऊन सगळ्यांना हाकलणारा माणूस आपला माल दाखवून दुकान बंद करतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप जाणकारांचा. दुप्पट लावलीत तर मोठ्या ब्लाइंडवाल्याला फुकटात बसवता. हे खरं आहे. वरच्या उदाहरणात ४०० ला राहायला त्याला आणखी २०० टाकायचे असतात आणि शंभरात १८ वेळा जिंकला तरी त्याला परवडतं. ६०० असते तर २६ वेळा जिंकावं लागलं असतं, ८०० असते तर ३१. पण बसू दे की! पुढच्या प्रत्येक फेरीत त्याला तुमच्या आधी बोलायचं आहे, कच्च्या पानांनिशी. आणि तुमचे चिप्स किती कमी अडकलेत ते बघा. तुमच्याकडे ४००० आहेत. चौपट लावून तो एकटा राहिला, तर मधे १९२५ आणि तुमच्याजवळ ३२००. आता निम्म्याची एक पैज लावलीत की मागे फिरणं मुश्किल. दुपटीने मधे ११२५ आणि जवळ ३६००. इथून अजून दोनदा विचार करता येतो.

दुसरा आक्षेप आमच्या खोलीतला. "सगळ्या पानांना एकच आकडा ठेवायचा असतो ना? नाहीतर समोरच्याला कळतं." बरोबर. पानं बघून आकडा बदलू नये हा नियम शंभर टक्के मान्य. भारी पानांना चौपट आणि छोट्या जोडीला दुप्पट लावणारा माणूस पानं उघडी ठेवून खेळतो. आमच्यात असे दोघे आहेत आणि भात बहुतेक तेच लावतात. पण पानांप्रमाणे बदलू नका याचा अर्थ परिस्थितीप्रमाणेही बदलू नका असा होत नाही. गल्लत इथेच झाली. लोकांनी एकच आकडा हे वाक्य ऐकलं आणि ते पूर्ण स्पर्धेला लावलं.

माझं म्हणणं असं आहे. स्पर्धेच्या सुरुवातीला, प्रत्येकाकडे १०,००० आणि ब्लाइंड ५०-१०० असताना, दोघे नुसते आत आलेले असतील, तर ज्या पानांनी खेळाल त्या सगळ्यांना ५०० किंवा ६०० लावा. पानं मोजकी खेळा, पण किंमत पूर्ण सांगा. मध्यावर, अँटे सुरू झाल्यावर, तुमच्याआधी कोणी आलेलं नसताना, दुप्पट किंवा त्याहून जरासं जास्त. पंधरा ब्लाइंडांच्या आसपास चिप्स उरले तर दुपटीच्या वर जाऊच नका. दहाच्या खाली आलात तर सगळे लावा नाहीतर पानं टाका, मधलं काही नाही. आणि लावण्याआधी मोठ्या ब्लाइंडवर कोण बसलंय ते बघा. सुस्कारा सोडून टाकणारा असेल, तर त्याच्यापुढे चोरी करायला जाऊ नका.

यात नवीन काही नाही. नवीन नसूनही हे कोणी करत नाही, कारण यात दर वेळी मान वर करून टेबलाकडे बघावं लागतं. तिपटीला बघावं लागत नाही.

पंचावन्न रुपये

त्या मुलाकडे परत येतो. २०२३च्या शेवटाला त्याने फोनवर ॲप घेतलं. पन्नास रुपये बक्षिसात आणि पाच रुपये कंपनीला, अशा पंचावन्नच्या स्पर्धा तो खेळायला लागला. आमच्यापेक्षा त्याला खेळ जास्त कळत होता, हे मी कौतुकाने बोलत नाही. समोरच्याने किती वेळ घेतला, आधी काय केलं होतं, सगळं त्याच्या डोक्यात राहायचं. फक्त आकडा माझा होता. फोनवर जुने डाव दाखवायला तो खोलीवर यायचा. ३००० चिप्स, ब्लाइंड १००-२००, एक्का-नव्वी, रेज ६००. मागचा कोणीतरी सगळे लावतो, हा पानं टाकतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. १८०० गेले. दुपटीने १२०० गेले असते. मधल्या ६०० चिप्सची किंमत काय? नऊ जणांच्या त्या टेबलावर एक पूर्ण फेरी बसून राहायला ५२५ लागत होते. म्हणजे माझ्या तिपटीने त्याचे नऊ डाव खाल्ले. नऊ डावांत चांगली पानं आलीच असती असं नाही. पण ते नऊ डाव त्याचे होते.

एका संध्याकाळी तो हसत म्हणाला, "सर, तुमच्या तिपटीनंच खाल्लं मला." मी पण हसलो. घरी आल्यावर हिशेब मांडला, तो वर दिला आहे. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आणि मग मी टेबलाबाहेरचा हिशेब मांडला. या स्पर्धांना लो-स्टेक्स म्हणतात, म्हणजे छोट्या रकमेच्या. छोट्या कोणासाठी? पुण्यातल्या आयटीवाल्याला पंचावन्न रुपये म्हणजे एक कॉफीसुद्धा नाही. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. मोखाड्याच्या माणसाला तीच स्पर्धा जवळजवळ पाचव्या हिश्श्याच्या दिवसाची पडते. पोकरमध्ये पहिली गोष्ट ही शिकवतात की ६०० चिप्स हा आकडाच नव्हे. मागे २०,००० असतील तर चिल्लर, ३००० असतील तर पाचवा हिस्सा. हे टेबलावर घोकून घेणारे लोक टेबलाबाहेर लो-स्टेक्स हा शब्द बिनदिक्कत सगळ्यांना लावतात. प्रवेश फी हाच पहिला रेज आहे, आणि तोही तिपटीसारखाच, समोरच्याकडे न बघता सांगितलेला.

पुढे बघा. अशा स्पर्धांत साधारण सहा-सात जणांतल्या एकाला काहीतरी बक्षीस मिळतं. तुमची संधी शंभरात १५ धरा. सलग दहा स्पर्धांत काहीच न मिळण्याची शक्यता २० टक्के निघते. पाचातल्या एका माणसाला हे होणारच, चांगलं खेळूनही. दहा स्पर्धांचे ५५० रुपये, म्हणजे जवळजवळ दोन दिवसांची मजुरी. पाच रुपयांची कंपनीची पट्टी दर स्पर्धेला वेगळी. बरोबरीत राहायलाच तुम्ही सरासरीपेक्षा दहा टक्के सरस हवे. त्यावर १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभर भरले की बावीसच्या आसपास करात. काही कंपन्या तेवढा बोनस देऊन भरपाई करत, आणि बोनस संपवायला आणखी खेळावं लागे. कौशल्य खरं की खोटं हे कळायला शेकडो स्पर्धा लागतात. ज्याच्याकडे वीस स्पर्धांपुरते पैसे आहेत, त्याचं कौशल्य दिसायच्या आतच पैसे संपतात.

आठेक महिन्यांत त्याचे सहा हजारांच्या आसपास गेले. आई-वडील त्या हिवाळ्यात भिवंडीकडे वीटभट्टीवर होते.

वीटभट्टीचं नाव सहज घेतलेलं नाही. जव्हार-मोखाड्यातून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची उचल बहुतेक वेळा पावसाळ्यातच दिली जाते, घरातलं धान्य संपत आलेलं असतं तेव्हा. किती उचल द्यायची हे देणारा कोणत्या सूत्राने ठरवत नाही. घरात किती माणसं, किती हात, नाचणी किती उरली, आजारी कोण, हे तो बघतो. नाकारता येणार नाही इतकी जास्त आणि हंगामभरात सहज फिटणार नाही इतकी मोठी रक्कम तो सांगतो. किंमत कशी सांगावी हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. तो समोरच्याच्या जवळ काय उरलंय ते मोजतो, एवढंच. या मुलखात ही कला एकाच बाजूला आहे. काजूचा भाव व्यापारी सांगतो, मोगऱ्याचा भाव दादरच्या बाजारात ठरतो, उचल भट्टीवाला ठरवतो. या मुलाच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा एक खेळ आला होता, ज्यात किंमत त्याने सांगायची होती. आणि मी त्याला दुसऱ्याचा आकडा दिला.

दोन्ही बाजूंचे उपदेशक

यावर एक उत्तर तयार असतं. पत्त्यांच्या नादी लागला की असंच होणार. धर्मराजाने काय केलं आठवतं ना? आठवतं. पण द्यूत वाईट म्हणून हात झटकणाऱ्यांनी जव्हारच्या पोराला किंमत कशी मोजावी हे कधी शिकवलं? ना पत्त्यांतून, ना शाळेच्या गणितातून. टक्केवारी दहावीपर्यंत शिकवतात. आपल्या खिशाची टक्केवारी कोणी काढायला लावत नाही.

दुसरं उत्तर कंपन्यांचं होतं. हा कौशल्याचा खेळ आहे. न्यायालयांतही हा वाद वर्षानुवर्षं चालला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तीन पत्त्यांच्या खेळांपासून तिला वेगळं काढलं. पश्चिम बंगालच्या १९५७च्या कायद्याने ब्रिज-रमीबरोबर पोकरलाही जुगारातून वगळलं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरची कौशल्याची बाजू फेटाळली. शेवटी २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळवणंच बंद. शिक्षा खेळवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. ॲप काही दिवसांत थंडावली. ज्यांना परवडतं ते आजही मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर जाऊन बसतात. तिथे त्यांच्यासाठी काही बदललेलं नाही.

पोकरमध्ये कौशल्य आहे, हे मी वर पानभर आकडे मांडून सांगतो आहे. कंपन्यांचं वाक्य खोटं नव्हतं. पण ते अर्धं होतं. कौशल्य दिसण्यासाठी पाठीशी जो साठा लागतो, तो ज्याच्याकडे नाही त्याला "कौशल्याचा खेळ आहे, ये" म्हणणं ही त्याला सांगितलेली चुकीची किंमत आहे. आणि उपदेशकांचं "हा नुसता जुगार" हेही अर्धंच. नुसता जुगार असता तर माझ्या तिपटीने त्या पोराचं नुकसान झालं नसतं. नशिबाच्या खेळात वाईट सल्ला देताच येत नाही.

बंदी बरी की वाईट हा या लेखाचा विषय नाही. फोन बंद झाला म्हणून मोजायचं शिकायची गरज बंद झालेली नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. उद्या कर्जाचं ॲप येईल, परवा हप्त्यावर मोटरसायकल. तेव्हाही कोणीतरी शेजारचा शहाणा ठरलेला आकडा सांगेल.

तो मुलगा अजून येतो. या पावसाळ्यात आमच्यात एक नवा शिक्षक आला, विक्रमगडहून बदलून. पहिल्याच संध्याकाळी चांगली पानं आली आणि त्याने विचारलं, "कितीचं लावू?" मी तोंड उघडायच्या आत तो मुलगा म्हणाला, "सर, आधी तुमच्याकडे किती आहेत ते मोजा."

नव्या सरांनी चिंचोके मोजले. मग त्याने मोठ्या ब्लाइंडवर बसलेल्या आमच्या सुस्काऱ्यावाल्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "आता त्यांचे मोजा."